ऊसतोड माता आणि गावाचे कर्तव्य



दिवाळीच्या सुमारास बीडसारख्या अवर्षणप्रवण जिल्ह्यांतून ऊसतोड कुटुंबे माळेगाव, सोमेश्वरनगर व भवानीनगर येथील कारखान्यांच्या परिसरात येतात. पती-पत्नी मिळून एक ‘कोयता’ गणला जातो. मुकादमाची उचल फेडावयाची असते. पत्नी थांबली की तोडणी घटते. म्हणून दिवस भरत आलेली स्त्रीही मोळी उचलते आणि बाळंतीण लवकरच फडात परतते.

तिची नोंद मात्र बहुधा मूळ गावीच राहते. गरोदरपणी किमान ४ तपासण्या आणि प्रसूतीपूर्वी व नंतर १८० दिवस लोहाच्या गोळ्या तिला मिळावयास हव्यात. २०११ पासून जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमान्वये शासकीय रुग्णालयातील प्रसूती विनामूल्य आहे. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने प्रसूतीनंतर ६ महिन्यांपर्यंत अंगणवाडीतील आहाराचा हक्क दिला आहे.

याकरिता तळावर कोप्या पडताच ग्रामपंचायतीने गरोदर व स्तनदा मातांची यादी करावी. स्त्रिया पहाटेच फडात जातात. म्हणून आशा व अंगणवाडी सेविकांनी सायंकाळी भेट द्यावी. तळावरील मुले शाळेत आल्यास शिक्षकांनी घरची विचारपूस करावी. हंगाम संपताना माता-बाल संरक्षण कार्ड तिच्याजवळ असल्याची खात्री करावी.

तिचे मत दुसऱ्या गावी असेल. परंतु बाळंतपण आपल्या शिवारात होत आहे, याचे भान प्रत्येक गावाने ठेवावे.