चहाचा डाग
(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

गेटवे ऑफ इंडियाच्या कठड्याशी उभे राहून समुद्राकडे पाहिले, की घारापुरीच्या लाँचांच्या गर्दीपलीकडे काही शिडाच्या बोटी नांगरलेल्या दिसतात. पाऊस संपला की त्या पाण्यात उतरतात आणि मे अखेरीस पुन्हा किनाऱ्यावर चढतात. त्यातली एक, निळ्या पट्ट्याची, माझी आहे. म्हणजे निम्मी माझी आणि निम्मी माझ्या एका मित्राची. निवृत्तीनंतर मिळालेल्या पैशांतून आम्ही दोघांनी ती घेतली. बोट १९८४ साली बांधलेली, फायबरग्लासची, २८ फूट लांब. या वयात माणसे चारधामला जातात, हे दोघे जुन्या बोटीचा तळ खरवडत बसतात, असे आमच्या घरच्यांचे म्हणणे आहे, आणि ते खोटे नाही.

आज मला या बोटीवरच्या एका पोलादी पट्टीविषयी बोलायचे आहे. पट्टी साधारण वीतभर लांब, दीड इंच रुंद. तिचा जेमतेम दोन इंचांचा भाग डेकच्या वर दिसतो, बाकीची बोटीच्या पोटात दडलेली असते. तिला चेनप्लेट म्हणतात.

पुष्कळांना वाटते, की बोटीची डोलकाठी झेंड्याच्या खांबासारखी खाली रोवलेली असते. तसे नसते. ती नुसती एका बैठकीवर टेकलेली असते. तिला उभी ठेवतात त्या चारी बाजूंनी खाली आलेल्या पोलादी तारा. मांडवाच्या खांबाला आपण तणावे बांधतो, अगदी तसेच. आमच्या बोटीवरची तार सहा मिलिमीटर जाडीची आहे आणि ती तुटायला जवळपास तीन टनांचा ओढ लागतो. पण मांडवाचा तणावा जसा खुंटीला बांधतात, तशी तारेलाही खुंटी लागते. ती खुंटी म्हणजे ही चेनप्लेट. वरचे टोक तारेला जोडलेले, खालचा भाग बोटीच्या आतल्या प्लायवुडच्या भिंतीला बोल्टांनी आवळलेला आणि मधला बोटभर भाग डेकच्या फटीतून गेलेला. सगळी गोष्ट त्या बोटभर भागाची आहे.

आपल्या कोकणातल्या मचव्यांवर, गलबतांवर काथ्याचे दोर असत. शीड फिरवले, की तणावेही सोडून वाऱ्याच्या बाजूला नेऊन बांधायचे. म्हणजे खलाशाचा हात दिवसातून दहा वेळा त्या दोरावरून फिरे. दोर झिजला, पीळ सुटला, की हाताला कळे. जुने ते सगळे सोने असे माझे म्हणणे नाही. काथ्याचे दोर तुटतही भरपूर. पण ते दिसत असताना तुटत.

तर बोट घेताना आधीच्या मालकाने आम्हाला अभिमानाने सांगितले होते, ‘तारा सगळ्या नव्या आहेत, पाच वर्षांपूर्वी बदलल्यात.’ ते खरे होते. तारा नव्याच होत्या. त्या ज्यात अडकवल्या होत्या त्या पट्ट्या कधीच्या, हे त्याने सांगितले नाही आणि आम्हीही विचारले नाही. पट्ट्या स्टेनलेस स्टीलच्या, त्यांना काय होणार, अशी आम्हा दोघांची समजूत. मी स्वतः चौतीस वर्षे कारखान्यात काढलेला इंजिनिअर आहे, हे इथे कबूल करायला हवे.

गेल्या मार्चमध्ये आम्ही बोट घेऊन बाहेर पडलो होतो. बरोबर माझ्या मित्राची नात होती. एकोणीस वर्षांची, शिडाची बोट नुकतीच शिकू लागलेली. दुपारी वारा बऱ्यापैकी वाढला, बोट एका अंगावर कलली, पाणी डेकच्या काठाला लागले, आणि ती पोरगी आनंदाने ओरडत कललेल्या बाजूला, बरोबर डोलकाठीच्या रेषेत बसली होती. ते चित्र मला पुढे बरेच दिवस झोपताना दिसत असे. का, ते सांगतो.

एप्रिलमध्ये केबिनमधल्या पुस्तकांच्या फळीमागे एक तपकिरी ओघळ दिसला. कोणी तरी चहा सांडला असेल म्हणून मी फडक्याने पुसला. पुढच्या रविवारी पुन्हा तिथेच ओघळ. पुन्हा पुसला. असे तीनदा झाले. बोटीच्या किरकोळ कामांसाठी दारूखान्यातल्या एका वर्कशॉपचे मिस्त्री आमच्याकडे येतात, मूळचे रत्नागिरीकडचे. त्यांनी तो ओघळ पाहिला आणि विचारले, ‘साहेब, चहा वर चढून सांडला का?’

ओघळ डेकच्या खालच्या अंगाला, जिथून पट्टी आत येते त्या फटीतून सुरू होत होता.

आता स्टेनलेस स्टील गंजत नाही, हे आपण धरून चालतो. पण आपल्या आई-आजी मीठ आणि लोणचे स्टीलच्या डब्यात ठेवत नसत, चिनी मातीच्या बरणीत ठेवत. त्यांना कारण माहीत नव्हते, अनुभव होता. कारण असे: या पोलादात क्रोमियम असते, निदान साडेदहा टक्के. हवेतल्या ऑक्सिजनशी त्याचा संयोग होऊन पृष्ठभागावर एक अतिशय पातळ, डोळ्यांना न दिसणारा थर तयार होतो. तो थर म्हणजेच त्याचे चिलखत. ओरखडा पडला तरी ऑक्सिजन मिळाला, की थर पुन्हा धरतो. मोकळ्या हवेत, वाहत्या पाण्यात म्हणूनच ते चकचकीत राहते.

डेकच्या फटीत मात्र ऑक्सिजन पोचत नाही. फट बंद करायला भरलेला लांबीसारखा मसाला काही वर्षांनी कडक होतो, बोट लाटांवर मुरडते, मसाला पट्टीपासून केसभर सुटतो आणि खारे पाणी आत शिरते. शिरते, पण निघत नाही. त्या साचलेल्या पाण्यातला होता नव्हता तो ऑक्सिजन संपतो. चिलखत एकदा फुटले, की पुन्हा जुळत नाही. मिठातले क्लोराइड तिथे गोळा होत जाते, पाणी आम्ल होते आणि पोलाद आतून खड्ड्याखड्ड्यांनी पोखरले जाते. वर दिसणारे दोन इंच मात्र आरशासारखे! त्यात भर म्हणजे प्रत्येक लाटेबरोबर तारेचा ओढ वाढतो, कमी होतो. एखादी तार आपण पुन्हा पुन्हा वाकवून तोडतो, तसा हा थकवा. खड्ड्याच्या तळाशी त्या थकव्याला सुरुवात करायला जागा मिळते आणि चीर पुढे सरकू लागते.

हे बोटीपुरतेच नाही. १९८५ साली स्वित्झर्लंडमधल्या उस्टर गावी एका पोहण्याच्या तलावावरचे काँक्रीटचे टांगलेले छत कोसळले आणि बारा माणसे दगावली. छत स्टेनलेस स्टीलच्या सळयांवर टांगले होते. तलावाच्या पाण्यातल्या क्लोरिनमुळे त्या सळयांना चिरा गेल्या होत्या, पण त्या छताच्या वर, नजरेआड होत्या. त्याआधी १९६७ साली अमेरिकेत ओहायो नदीवरचा सिल्व्हर ब्रिज डिसेंबरातल्या एका संध्याकाळी वाहनांसकट नदीत गेला, ४६ माणसे गेली. तिथले पोलाद स्टेनलेस नव्हते. पण पुलाला पेलणाऱ्या साखळीच्या एका दुव्यात सांध्याच्या आत सुमारे अडीच मिलिमीटर खोलीची चीर होती, आणि सांधा खोलल्याशिवाय ती दिसणे शक्य नव्हते.

तेव्हा आमच्यापुढेही खोलण्यावाचून मार्ग नव्हता. मेमध्ये बोट किनाऱ्यावर घेतली. डोलकाठी क्रेनने उतरवून काम करणे सर्वांत चांगले. आम्हाला क्रेन मिळेना. मग शीड चढवायचे जे दोर डोलकाठीच्या शेंड्यावरून येतात ते खाली आणून डेकच्या कडेला घट्ट ताणून बांधले, म्हणजे तारेचे काम तात्पुरते दोराने केले. वारा पडलेल्या सकाळी, एका वेळी एकच पट्टी काढायची. दुसरीला हात लावायचा तो पहिली परत बसल्यावरच. ही शिस्त मिस्त्रींनी घालून दिली आणि माझ्या मित्राला, जो स्वभावाने घायकुता आहे, दोनदा दटावले.

पट्टीपर्यंत पोचायलाच पहिला दिवस गेला. पुस्तकांची फळी, मागचे लाकडी अस्तर, त्यामागे बोल्ट. प्लायवुडला स्क्रू ड्रायव्हरचे टोक लावले तर ते ओल्या केकमध्ये जावे तसे आत गेले. डेकवर हातोडीच्या दांड्याने टकटक करत गेलो. चांगल्या जागी टणक आवाज, पट्टीभोवती वीतभर बद्द. म्हणजे डेकच्या पोटातले लाकूडही भिजलेले. सहा बोल्टांपैकी दोन पान्याने फिरवताच तुटले. त्यांच्या माना आतल्या आत बारीक झाल्या होत्या.

पट्टी हातात आली तेव्हा वरचा भाग झळझळीत होता, खालचाही. मधला तीन सेंटिमीटरचा पट्टा काळपट, टाचणीने टोचल्यासारखा. चीर मात्र दिसत नव्हती. माझा मित्र म्हणाला, ‘घासून परत बसवू.’ मलाही तो मोह झाला होता. मिस्त्रींनी पिशवीतून तीन फवाऱ्यांचे डबे काढले. कारखान्यात असताना ही तपासणी मी शेकडो वेळा करवून घेतली आहे. स्वतःच्या बोटीसाठी ती आठवली नाही. आधी पट्टी स्वच्छ करायची, मग लाल रंग फवारायचा आणि वीस मिनिटे थांबायचे. रंग पातळ असतो, केसाएवढ्या चिरेतही शिरतो. मग वरचा रंग पूर्ण पुसून टाकायचा आणि पांढरी पूड फवारायची. चीर असेल तर आत शिरलेला रंग ती पूड शोषून वर आणते.

पांढऱ्या पट्टीवर आधी एक लाल ठिपका आला. मग त्याची रेघ झाली. रेघ कडेपासून निघून पट्टीच्या रुंदीच्या एक तृतीयांशापर्यंत गेली आणि थांबली. आम्ही तिघेही काही बोललो नाही. मार्चमधल्या त्या दुपारी वाऱ्याच्या बाजूचा सगळा ओढ याच पट्टीवर होता. ती गेली असती, तर डोलकाठी क्षणात दुसऱ्या अंगाला, म्हणजे ती पोरगी बसली होती त्या बाजूला पडली असती.

डोलकाठी पडणे म्हणजे काय, ते कमांडर अभिलाष टॉमी यांच्यामुळे आपल्या अनेकांना वर्तमानपत्रांतून कळले. सप्टेंबर २०१८ मध्ये दक्षिण हिंदी महासागरात त्यांची ‘तुरीया’ वादळात उलटली, डोलकाठ्या मोडल्या, पाठीला जबर इजा झाली आणि तीन दिवसांनी त्यांची सुटका झाली. तिथे दोष महासागराचा होता, कोणत्या पट्टीचा नव्हे. आमचा दोष आमचाच असता. जाता जाता सांगतो, की ‘तुरीया’ गोव्यात बांधली होती, ‘सुहेली’ या बोटीच्या नमुन्यावर. आणि रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी १९६८-६९ मध्ये जिच्यातून एकट्याने, कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा केली ती ‘सुहेली’ आपल्या मुंबईत सागवानात बांधलेली.

असो. दोन्ही कडांच्या मिळून सहा पट्ट्या. दोनांत चिरा, एकीत खोल खड्डे, तीन चांगल्या. त्या तीन ठेवाव्यात की नाही यावर वाद झाला. मित्राला खर्च दिसत होता. माझे म्हणणे, सहाही एकाच वयाच्या, एकाच पोलादाच्या, एकच पाणी प्यालेल्या. शेवटी सहाही बदलायचे ठरले. नवे पोलाद ३१६ प्रतीचे, प्रमाणपत्र पाहून घेतले. बाजारात लोहचुंबक लावून दाखवतात, चिकटत नाही म्हणजे माल अस्सल. त्यावर जाऊ नका. भांड्यांच्या स्वस्त स्टीललाही चुंबक बहुधा चिकटत नाही. जाडी आहे तीच ठेवावी लागली, कारण तारेच्या टोकाच्या चिमट्यात जाड पट्टी मावत नाही. रुंदी थोडी वाढवली. भोके गॅसने न पाडता ड्रिलने पाडली, कडा घासून गुळगुळीत केल्या, बोल्टही सगळे नवे. डेकमधले भिजके लाकूड कोरून काढले, पोकळी इपॉक्सीने भरली आणि त्यातून नवी फट पाडली, म्हणजे पुढे पाणी शिरलेच तरी लाकडापर्यंत जाणार नाही. फळीमागच्या अस्तराला आता मिस्त्रींनी एक झडप केली आहे. चार स्क्रू सोडले, की पट्टी आणि बोल्ट समोर. बोटीची शोभा गेली, असे माझ्या मित्राचे मत आहे.

ज्यांच्याकडे अशा बोटी आहेत, किंवा जे मित्रांच्या बोटीवर जातात, त्यांना एवढे सांगतो: वाऱ्याच्या बाजूची तार किंवा पट्टी सुटलेली दिसली, तर आधी सुकाणू फिरवून वारा दुसऱ्या अंगावर घ्या. ओढ ताबडतोब चांगल्या बाजूच्या तारांवर जातो आणि डोलकाठी वाचू शकते. विचार करायला त्या वेळी सवड नसते, म्हणून हे आधीच ठरवलेले असावे. आणि तारा कापायची मोठी कात्री हाताशी ठेवा. पडलेली डोलकाठी तारांना लटकून लाटांबरोबर बोटीच्या कुशीवर धडका देत राहते.

मागची पट्टी आम्ही जुलैत पाहिली, ती बाहेरूनच बसवलेली असल्याने काम सोपे होते आणि ती निर्दोष निघाली. राहिली आहे ती नाळेवरची, पुढच्या तारेची. तिच्यापर्यंत पोचायला नांगराच्या साखळीची पेटी रिकामी करून माणसाला त्यात डोके खाली घालून शिरावे लागते. मी त्यात मावत नाही. मिस्त्री गणपतीसाठी गावी गेले आहेत. डिसेंबरात गोव्याला जायचे घाटत आहे. मित्राची नात फोन करून विचारते, ‘आजोबा, कधी निघायचं?’ तिला सांगितले आहे, मिस्त्री येऊ देत, ती पट्टी पांढऱ्या पुडीखाली बघू, मग तारीख सांगतो.