पाच उदाहरणे आणि सहावी संख्या
(विद्यार्थी-पालक मेळाव्यातील भाषण)



आज मी एका संख्येविषयी बोलणार आहे. कागदावर लिहून घ्या : ४,२९,४९,६७,२९७. म्हणजे चार अब्ज एकोणतीस कोटी एकोणपन्नास लाख सदुसष्ट हजार दोनशे सत्त्याण्णव.

ही संख्या आली कुठून? २ घ्या. त्याचा वर्ग ४, त्याचा वर्ग १६, मग २५६, मग ६५,५३६. प्रत्येकात १ मिळवा. ३, ५, १७, २५७ आणि ६५,५३७ या पाच संख्या मिळतात. पाचही मूळ संख्या आहेत; १ आणि ती स्वतः यांखेरीज त्यांना विभाजक नाही.

फ्रान्समधील फर्मा हा पेशाने कायद्याचा माणूस, पण गणितात नाणावलेला. हा क्रम असाच पुढे चालेल व प्रत्येक संख्या मूळच निघेल, असे त्याने १६४० साली पत्रात लिहिले. सिद्धता आपल्या हाती नाही, हेही त्याने प्रांजळपणे कळविले. क्रमातील सहावी संख्या म्हणजेच आपण लिहून घेतलेली ही संख्या.

ती मूळ आहे की नाही हे सरळ मार्गाने पाहायचे, तर ६५,५३६ च्या आतील सर्व, म्हणजे ६,५४२ मूळ संख्यांनी भागून पाहावे लागेल. ब्याण्णव वर्षांनंतर, १७३२ साली, पंचवीस वर्षांच्या ऑयलरने तिचा विभाजक दाखवून दिला : ६४१. आपली संख्या म्हणजे ६४१ गुणिले ६७,००,४१७. ती मूळ नव्हतीच!

पुढे ऑयलरने यामागचे कारणही सिद्ध केले. या संख्येच्या प्रत्येक मूळ विभाजकाला ६४ ने भागले की बाकी १ उरलीच पाहिजे. अशा मूळ संख्या म्हणजे १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१. पाचव्याच भागाकाराला उत्तर! जेथे हजारो भागाकार करावे लागले असते, तेथे विचाराने पाचांत काम भागते. त्या पाचांपलीकडची सहावी मूळ फर्मा संख्या आजपर्यंत कोणालाही सापडलेली नाही. मात्र ती नाहीच, हेही कोणी सिद्ध केलेले नाही.

विद्यार्थी मित्रांनो, पाच उदाहरणे जुळली म्हणजे नियम सिद्ध झाला, असे समजू नका. गाईडमधले उत्तर पाठ करून परीक्षा निभावेल, पण सहावे उदाहरण समोर आले की पाठांतर उपयोगी पडत नाही. आज घरी गेल्यावर वरचा गुणाकार स्वतः करून पाहा. मी सांगितले म्हणून मानू नका.

आणि पालकांनो, आपल्यापैकी अनेकांना शाळेची पायरी चढता आली नसेल. मुलांचे गणित आपल्याला समजत नाही, म्हणून संकोच करू नका. रात्री मुलाच्या किंवा मुलीच्या वहीजवळ बसा आणि एवढेच विचारा, "हे कशावरून?" तिने उलट "असे का?" म्हणून विचारले, तर तिला उद्धट म्हणून गप्प बसवू नका. फर्माचे नाव फार मोठे होते. तरीही पंचवीस वर्षांच्या एका तरुणाने त्याचे म्हणणे ताडून पाहिले, म्हणून खरे काय ते जगाला कळले.