ले-ऑफ : एक शब्द, दोन अर्थ



आकुर्डी-भोसरीकडे एक इंग्रजी क्रियापद अगदी घरचं होऊन बसलंय : ले-ऑफ. 'कंपनीनं ले-ऑफ दिला', 'आमच्या लाइनला ले-ऑफ लागला'. म्हणजे काम नाही, पण नोकरी आहे. तिकडे हिंजवडीच्या आयटीत 'तिचा ले-ऑफ झाला' म्हटलं, की नोकरी गेली. बाप टेल्कोच्या कारखान्यात आणि मुलगी हिंजवडीत असेल, तर एकाच घरात या शब्दाचे दोन अर्थ नांदतात.

दोघंही चूक नाहीत. काही काळ काम बंद ठेवणं हा जुना अर्थ. कायमचं काढून टाकणं हा पुढे अमेरिकेत रूढ झाला, आणि आयटीबरोबर आपल्याकडे आला. त्यातून एखादा इंग्रज चिडून 'ले ऑफ!' म्हणाला, तर त्याचा अर्थ एवढाच, की बाबा, नाद सोड!

आपल्या कायद्यानं मात्र जुना अर्थ पक्का धरला. १९४७च्या औद्योगिक विवाद कायद्यात १९५३ साली ले-ऑफची व्याख्या आली. कोळसा, वीज, कच्चा माल नाही, माल साचला किंवा मशीन बिघडलं, म्हणून मालक काम देऊ शकत नाही. पण कामगाराचं नाव मस्टरवर राहतं. वर्षभर सलग नोकरी झालेल्या कायम कामगाराला मूळ पगार आणि महागाई भत्त्याच्या निम्मी भरपाई मिळते. कामगार-कपात ही वेगळी गोष्ट, तिची कलमं वेगळी. २०२०च्या औद्योगिक संबंध संहितेतही हा फरक कायम आहे.

उदाहरणच घ्या. तळेगावला जनरल मोटर्सचं उत्पादन डिसेंबर २०२०मध्ये थांबलं. पुढच्या एप्रिलमध्ये सुमारे १,४०० कामगारांना ले-ऑफची नोटीस मिळाली. इंग्रजी मथळे वाचून परगावच्या नातेवाइकांना वाटावं, की सगळ्यांना काढलं. कागदावर मात्र ते तेव्हा कामगारच होते.

चाकणच्या कंत्राटी पोरांच्या नशिबात ले-ऑफही नसतो. त्यांना नोकरीत 'ब्रेक' मिळतो. ना मस्टर, ना भरपाई.

तेव्हा कारखान्यातल्या मंडळींनो, नोटीस हातात पडली की आधी कलम वाचा. ले-ऑफ असेल, तर नेमलेल्या वेळी रोज एकदा गेटवर हजेरी लावा. हजेरी चुकली, तर त्या दिवसाची भरपाई बुडते.