निनावी चाकूचा कर्ता कोण?

जुन्या घरातील पेटीच्या तळाशी मिटलेला एखादा चाकू बहुधा सापडतोच. पाते काळवंडलेले, मुठीचे शिंग एका बाजूस तडकलेले, आणि त्यावर कोठेही नाव नाही की गाव नाही. कोणे एके काळी या चाकूने बोरूला टोक काढले असेल, आंबे चिरले असतील, पाकिटे फोडली असतील. आज तो हाती घेणारा प्रथम विचारतो ते हेच की, हा घडवला कोणी? शेजारी जाणकार म्हणवणारे कोणी बसले असले, तर उत्तरही तत्काळ मिळते : 'हा अस्सल रॉजर्सचा!' इंग्लंडातील शेफिल्ड गावच्या जोसेफ रॉजर्स या पेढीचा लौकिक इतका मोठा होता की, कोणत्याही निनावी चाकूला तिचे नाव चिकटवण्याचा मोह सहज होतो. परंतु लौकिक म्हणजे पुरावा नव्हे.

खरा शोध खुणेपासून सुरू होतो. चाकूवर खूण नाही असे म्हणण्यापूर्वी ती नीट शोधली पाहिजे. कारागीर आपली खूण बहुधा पात्याच्या मुळाशी, जेथे ते बिजागरीत शिरते तेथे ठोकीत असे. पाती दोन किंवा तीन असतील, तर प्रत्येक पाते दोन्ही अंगांनी पाहावे. तिरप्या उजेडात, भिंगाखाली धरले असता पुसट अक्षराची एखादी रेघ दिसू शकते. ठोकलेली खूण धातूत खोल जाते. पात्यावर तेजाबाने कोरलेली अक्षरे मात्र अगदी उथळ असतात व थोड्या घासण्यानेही नाहीशी होतात. म्हणून असा चाकू हाती येताच त्याला पॉलिश-कागदाने चकचकीत करणे हा सर्वांत मोठा प्रमाद होय. तेलाचे दोन थेंब आणि मऊ फडके एवढे पुरे. गंजाबरोबर साक्षही घासली गेली, तर ती पुन्हा मिळत नाही.

खुणांमागे मोठा इतिहास आहे. शेफिल्ड व त्याच्या परिसरातील कारागिरांच्या संघाला 1624 साली पार्लमेंटच्या कायद्याने मान्यता मिळाली, आणि प्रत्येक उस्तादाची खूण त्या संघाच्या दप्तरी नोंदली जाऊ लागली. रॉजर्सची खूण म्हणजे एक तारा व एक माल्टी क्रूस. ती इतकी प्रतिष्ठा पावली की, तिच्या नकला ठिकठिकाणी निघाल्या. अशा फसवणुकीला आळा घालण्यासाठी ब्रिटनमध्ये 1887 साली व्यापारी खुणांचा कायदा झाला. हिंदुस्थानातही 1889 साली तसाच कायदा आला. तथापि, खूण नसलेला चाकू या कायद्यांपूर्वीचाच असला पाहिजे, असे अनुमान काढणे चुकीचे ठरेल. या कायद्यांचा रोख खोट्या खुणेवर होता. प्रत्येक वस्तूवर नाव असलेच पाहिजे असा त्यांचा आग्रह नव्हता.

खूण हाती लागली नाही, तर वस्तूच्या घडणीकडे वळावे. शेफिल्डच्या हॅरी ब्रिअर्ली यांनी आपले गंजरोधक पोलाद तयार केले ते 1913 साली. तेव्हा जुन्या दिसणाऱ्या चाकूचे पाते न गंजणारे निघाले, तर ते पाते त्यापूर्वीचे असणे शक्य नाही. मुठीच्या टोकाशी चांदीसारखा दिसणारा पांढरा धातू असेल, तर तो बहुधा जर्मन सिल्व्हर होय. तांबे, जस्त व निकेल यांचा हा मिश्रधातू जर्मनीत 1820 च्या दशकात तयार होऊ लागला. त्याआधीच्या साध्या चाकवांना लोखंडाचीच टोके असत. मूठ सेल्युलॉइडची असेल तर चाकू 1870 च्या अलीकडचा, आणि बेकलाइटची असेल तर विसाव्या शतकातला. मात्र मूठ मागाहून बदललेली नाही ना, याची खात्री करून घ्यावी. मूळची रिव्हेट आणि नवी रिव्हेट यांच्या डोक्यांतील फरक बारकाईने पाहिल्यास ध्यानी येतो.

येथे एका सोप्या सापळ्यापासून सावध राहावे लागते. मूठ सांबरशिंगाची निघाली, म्हणून चाकू आपल्याकडेच घडला असे ठरत नाही. हिंदुस्थानातील जंगलांतले सांबरशिंग गठ्ठ्यांनी समुद्रापार जात असे, आणि इंग्लंडातील शेफिल्ड व जर्मनीतील झोलिंगेन येथे त्याच्या मुठी बनत. आपल्याच रानातले शिंग परदेशी पाते लेवून आपल्याच बाजारात परतले, असेही घडू शके. केवळ एका साहित्यावरून जन्मगाव ठरवणे म्हणूनच धोक्याचे आहे.

आकारावरूनही पुष्कळ कळते. शेफिल्डमध्ये 1816 साली जोसेफ स्मिथ यांनी छापलेल्या नमुनापुस्तकात त्या काळच्या चाकवांची व हत्यारांची चित्रे आहेत. पुढे कारखानदारांच्या सचित्र यादीपुस्तकांची त्यात भर पडली. आपला चाकू या चित्रांशी ताडताना एक गोष्ट विसरता कामा नये : पन्नास वर्षे सहाणेवर घासलेले पाते मूळ आकाराचे उरत नाही. ते अरुंद होते, त्याचे टोक मागे सरते. मुठीतील खाच मूळ पात्याच्या मापाची असते. तिच्यावरून झिजलेल्या भागाचा अंदाज बांधता येतो.

एवढे करूनही कर्त्याचे नाव बहुधा सापडत नाही, आणि त्याचे कारण या धंद्याच्या रचनेतच आहे. शेफिल्डमध्ये एक जण पाते घडवी, दुसरा त्याला सहाणेच्या चाकावर धार देई, आणि तिसरा पाते, कमान व मूठ जुळवून चाकू पुरा करी. 'लिटल मेस्टर' म्हणून ओळखले जाणारे छोटे उस्ताद भाड्याच्या एखाद्या खोलीत काम करीत, आणि त्यांचा माल पुष्कळदा मोठ्या पेढीच्या नावाने विकला जाई. म्हणजे नाव असलेल्या चाकूवरही ते नाव बऱ्याच वेळा विकणाऱ्याचे असे, घडवणाऱ्याचे नव्हे. धार देणारा तर सर्वांत दुर्लक्षित. दगडाची आणि पोलादाची बारीक धूळ त्याच्या फुप्फुसांत जाऊन बसे. त्या रोगाने कित्येक जण तरुणपणीच दगावत. चाकूच्या धारेवर त्यांचे आयुष्य खर्ची पडले, पण नोंद मात्र कोठे झाली नाही.

म्हणून निनावी चाकूच्या बाबतीत उत्तराच्या पायऱ्या ओळखणे हेच शहाणपण. आधी काळ, मग देश, मग गाव, आणि सर्वांत शेवटी कर्ता. पुरावा ज्या पायरीपर्यंत नेईल तेथेच थांबावे. 'बहुधा शेफिल्डचा, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातला' एवढे सांगता आले तरी ते थोडके नाही. त्यापुढे जाऊन रॉजर्सचे नाव जोडले, तर बाजारात चार पैसे अधिक मिळतीलही. परंतु ज्या हातांनी तो चाकू खरोखर घडवला, त्यांच्या श्रमांचे श्रेय दुसऱ्यांदा हिरावले जाईल. नाव ठाऊक नसेल तर जागा रिकामी ठेवावी. ती रिकामी जागाच त्या अनामिकाची खरी खूण होय.