असाध्य आजार आणि सहजीवनाचा हक्क

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



कर्करोग आता बरा होणार नाही, असे डॉक्टरांनी सांगितले की त्या दिवसापासून रोगी कुणाचा नवरा किंवा कुणाची बायको राहत नाही. तो केवळ रोगी होतो. त्याची खाट वेगळी होते, तिचे अंथरूण दुसरीकडे पडते, आणि दोघांमधील शरीरसंबंधाचा प्रश्न आपोआप निकालात निघाला, असे घरची मंडळी धरून चालतात. बहुतेक डॉक्टरही तसेच धरून चालतात. मरण जवळ आले म्हणून माणसाची स्पर्शाची भूक संपते, या समजुतीला मात्र अनुभवाचा किंवा शास्त्राचा आधार नाही.

हा विषय चळवळीचा नव्हे, असे कुणास वाटेल. र. धों. कर्वे यांनी १९२१ मध्ये संततिनियमनाचे केंद्र काढले आणि १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालविले, तेव्हाही असेच म्हटले गेले. त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील म्हणून उभे राहिले. कामजीवन ही लाजेची नसून ज्ञानाची आणि स्वातंत्र्याची बाब आहे, हा विचार महाराष्ट्राने तेव्हा ऐकला. परंतु तो निरोगी, तरुण जोडप्यापाशीच थांबला. अंथरुणाला खिळलेल्या माणसापर्यंत पोहोचलाच नाही.

कॅनडातील संशोधकांनी अखेरच्या अवस्थेतील मोजक्या रुग्णांशी सविस्तर बोलून केलेला एक अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. जवळीक अखेरपर्यंत महत्त्वाची वाटते, मात्र तिचे रूप बदलते, असे त्या रुग्णांनी सांगितले. समागम मागे पडतो. हात हातात घेणे, कुशीत घेणे, नुसते शेजारी पडून राहणे यांना मोल येते. आड काय येते, तर सामायिक खोली, केव्हाही आत येणारे कर्मचारी आणि एकाच माणसापुरती अरुंद खाट. उपचार करणाऱ्यांनी या विषयावर विचारायला हवे होते, असे सर्वांचे मत पडले. प्रत्यक्षात विचारणा झाली होती ती केवळ एकाला.

संपन्न कॅनडात ही स्थिती, तर आपल्याकडे काय असेल? परळचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ मध्ये सुरू झाले. देशभरातून तेथे येणाऱ्या गरीब रुग्णांपैकी काहींना धर्मशाळेत जागा मिळते, काही पदपथावर पथारी टाकतात. गावी परतलेला रुग्ण एका खोलीत मुले, सून, नातवंडे यांच्यामध्ये पडून असतो. आतून कडी लावता येणारे दार ही या देशात मालमत्तेची बाब आहे. ज्याला आपण संस्कृतीचा संकोच म्हणतो, त्याचा मोठा हिस्सा घरांच्या टंचाईचा आहे. श्रीमंताला निरोप घेण्यासाठी एकांत विकत घेता येतो. गिरणीतून निवृत्त झालेल्या कामगाराला येत नाही.

दुसरा अडसर अज्ञानाचा. कर्करोग स्पर्शाने, चुंबनाने वा संबंधाने एकाचा दुसऱ्याला होत नाही. बाहेरून किरणोपचार घेतलेल्या माणसाच्या अंगातून किरण निघत नाहीत. केमोथेरपीनंतर काही दिवस निरोध वापरावा, एवढी खबरदारी पुरते. ओटीपोटावरील किरणोपचारांनी स्त्रीचा योनिमार्ग कोरडा आणि अरुंद होतो. कोरडेपणावर वंगण देणारी साधी मलमे आहेत. प्रोस्टेटच्या रोगात दिल्या जाणाऱ्या संप्रेरकविरोधी औषधांनी पुरुषाची इच्छा मावळते. तो पौरुषाचा ऱ्हास नसून औषधाचा परिणाम असतो. एवढे सांगितले गेले, तरी कितीतरी जोडप्यांमधला अबोला सुटेल.

तिसरा अडसर वेदनेचा. ज्याचे अंग ठणकते, त्याला मायेचा हातही सोसवत नाही. १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्याने मॉर्फिनचे परवाने इतके किचकट करून ठेवले, की औषध असून रुग्ण तळमळत राहिले. २०१४ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली. तरी लहान गावात मॉर्फिन सहजी मिळत नाही. मॉर्फिनची मागणी ही जवळिकीचीही मागणी आहे.

येथे एक इशारा आवश्यक आहे. सहजीवनाचा हक्क म्हणजे नवऱ्याचा बायकोवरील हक्क नव्हे. मरणाऱ्या पतीची इच्छा म्हणून दमलेल्या पत्नीवर दडपण आणणे, किंवा स्तन काढावा लागलेल्या स्त्रीला तिच्या मनाविरुद्ध जवळ ओढणे, ही सत्ताच होय. नको म्हणण्याचा अधिकार दोघांनाही शेवटपर्यंत आहे. तसेच लग्नाची नोंद नसलेल्या, समलिंगी वा अन्य जोडीदारालाही उशाशी बसू दिले पाहिजे.

मग करावयाचे काय? अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॅक अ‍ॅनन यांनी १९७६ मध्ये लैंगिक अडचणींवरील मदतीच्या चार पायऱ्या मांडल्या. पहिली पायरी आहे बोलण्याची मुभा देण्याची. “या आजारात नवराबायकोच्या संबंधांविषयी अनेकांना प्रश्न पडतात, तुम्हाला काही विचारायचे आहे का?” एवढे वाक्य परिचारिकेने एकांतात उच्चारले, तर पैसा लागत नाही. वांद्र्याचे शांती अवेदना सदन १९८६ मध्ये सुरू झाले. कोझिकोडे येथे १९९३ पासून उभ्या राहिलेल्या वेदनाशमनाच्या कामातून केरळात घरोघर जाणाऱ्या स्वयंसेवकांचे जाळे विणले गेले. महाराष्ट्रात ते तालुक्यातालुक्यात विणता येईल. सरकारी रुग्णालयांत निदान एक पडद्याआडची जागा, दोघांना टेकता येईल अशी खाट आणि ठरावीक निर्वेध वेळ, ही मागणी जिल्हा परिषदेपासून विधानसभेपर्यंत मांडता येईल.

आणि कार्यकर्ता आजारी साथीच्या भेटीला जातो, तेव्हा त्याने आणखी एक गोष्ट करावी. औषधे, पैसे, रेशन यांची चौकशी झाली की मुलांना आणि शेजाऱ्यांना घेऊन तासभर बाहेर जावे, आणि जाताना दार ओढून घ्यावे.