अंजिराचं काळीज

शरीराच्या अवयवांची नावं एका भाषेतून दुसऱ्या भाषेत कशी जातात आणि जाताना कशी बदलतात, यावर बोलावं असं नभोवाणी केंद्राने सुचवलं. विषय मोठा, वेळ थोडा. म्हणून मी एकच अवयव घेते, यकृत, आणि त्यातही त्याचं लॅटिन भाषेतलं नाव. ही गोष्ट वैद्याच्या घरून निघत नाही, स्वयंपाकघरातून निघते, एवढं आधीच सांगून ठेवते.

जुन्या रोममध्ये यकृताला 'येकुर' म्हणत. यकृत आणि येकुर. ऐकताच कान टवकारले ना? पण लगेच असं म्हणू नका, की लॅटिन शब्द आपल्या संस्कृतातून निघाला. ही घाई आपल्याकडे फार होते. मोबाइलवर रोज याद्या फिरतात, हा इंग्रजी शब्द त्या संस्कृत शब्दावरून आला म्हणून. आणि शिकलेली माणसं त्या पुढे पाठवतात. वाईट वाटतं. अहो, संस्कृत आणि लॅटिन या बहिणी आहेत. त्यांची आई त्याहून जुनी आणि तिचं एक अक्षरही कुणी लिहून ठेवलेलं नाही. 'यकृत' आणि 'येकुर' ही त्या आईकडून दोघींना मिळालेली ठेव आहे.

बरं, हे नातं ओळखायचं कसं? नुसत्या तोंडावळ्यावरून नाही. वर्गात मी हे वाक्य सतत म्हणत असे आणि इथेही म्हणते: शब्दाचं नुसतं तोंड पाहू नका, त्याची चाल पाहा. ज्यांनी शाळेत संस्कृत घेतलं असेल त्यांनी आठवून पाहावं. 'यकृत्' शब्द चालवताना षष्ठीला 'यकृतः' होतं, तसंच 'यक्नः' असंही एक रूप आहे. हा न कुठून आला? मूळ शब्दात तर नाही. आता लॅटिन पाहा. 'येकुर'ची षष्ठी होते 'येकोरिस', आणि दुसरं रूप 'येकिनोरिस'. तिथेही न! इतकी चमत्कारिक खोड दोन भाषांत, हजारो मैलांच्या अंतरावर, योगायोगाने येत नाही. नातं सिद्ध होतं ते असं.

तर असा हा घरंदाज शब्द, येकुर. आणि गंमत बघा, लॅटिनच्या एकाही मुलीने तो ठेवला नाही. इटालियनमध्ये नाही, स्पॅनिशमध्ये नाही, पोर्तुगीज, फ्रेंच, रुमानियन, कुठेच नाही. मग या सगळ्या जणी यकृताला म्हणतात काय?

याचं उत्तर अंजिरात आहे.

रोमन लोकांना हंसाचं यकृत खायची भारी आवड. मुळात बदकं-हंस कोंबून खायला घालून लठ्ठ करण्याची कला इजिप्तची. सक्कारा इथल्या थडग्यांच्या भिंतींवर चार हजारांहून अधिक वर्षांपूर्वीची तशी चित्रं कोरलेली आहेत. ग्रीकांनी आणि रोमनांनी पुढे हंसांना अंजिरं चारायला सुरुवात केली. अंजिरातल्या साखरेने यकृत मोठं होतं, चरबीने भरतं, मऊ आणि गोडसर होतं. कवी होरेसने एका मेजवानीच्या वर्णनात अंजिरांवर पोसलेल्या पांढऱ्या हंसाच्या यकृताचा उल्लेख केला आहे. पुढे रोमन लेखक थोरला प्लिनी सांगतो, की अपिकियस नावाच्या खवय्याने हाच प्रयोग डुकरिणींवर केला, सुकी अंजिरं चारून. प्लिनी ७९ साली व्हेसुव्हियसच्या उद्रेकात गेला, म्हणजे ही पहिल्या शतकातली हकिकत.

आता लॅटिनमध्ये अंजीर म्हणजे 'फिकुस'. त्यावरून 'फिकातुम', म्हणजे अंजिरं चारलेलं. 'येकुर फिकातुम', अंजिरं चारलेलं यकृत. ग्रीक लोक आधीपासून असंच म्हणत. त्यांचं अंजीर 'सिकॉन', म्हणून 'हेपार सिकोतॉन'. ग्रीक पदार्थाचं नाव रोमनांनी आपल्या भाषेत जसंच्या तसं फिरवून घेतलं.

पण खाटकाच्या दुकानात, बाजारात, स्वयंपाकघरात कुणाला इतकं लांबलचक बोलायला वेळ आहे? आपण उडप्याच्या हॉटेलात 'एक साधा, एक मसाला' म्हणतो, डोसा हा शब्द कुणी उच्चारत नाही. रोममध्ये तेच झालं. 'येकुर' गळलं आणि 'फिकातुम' एकटं उरलं. अपिकियसच्या नावावर जे पाककृतींचं जुनं पुस्तक आहे, त्यात हा शब्द असा एकटाच येतो. हळूहळू अंजिरं विसरली गेली. कुठलंही यकृत, हंसाचं असो, बकऱ्याचं असो की माणसाचं, सगळं फिकातुमच झालं. 'येकोरिस' म्हणायचं की 'येकिनोरिस', ही कटकट सामान्य माणसाला नकोच होती. सोपा शब्द मिळाला, त्याने अवघड टाकला.

आणि मग हा स्वयंपाकघरातला शब्द साम्राज्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पोचला. इटालियनमध्ये तो 'फेगातो' झाला. पोर्तुगीजमध्ये 'फिगादु'. स्पॅनिशमध्ये सुरुवातीचा फ आधी ह झाला आणि मग तोही मावळला. लिहिताना अक्षर राहिलं, बोलताना नुसतं 'ईगादो'. रुमानियनमध्ये 'फिकात', आणि तिथे जोर अजून जुन्या लॅटिनसारखा 'का'वर आहे. पश्चिमेकडच्या बहिणींनी तो जोर पहिल्या अक्षरावर नेला. ग्रीक 'सिकोतॉन'च्या उच्चाराचा तो परिणाम, असं काही अभ्यासक मानतात. पोर्तुगाल कुठे, रुमानिया कुठे! दोन्हीकडे शब्द एकच, म्हणजे साम्राज्य मोडण्याआधीच तो लोकांच्या तोंडी पक्का बसलेला असणार.

फ्रेंचने तर त्याला पार झिजवून टाकलं. 'फिकातुम'चं झालं 'फ्वा'. महागड्या हॉटेलांच्या यादीत 'फ्वा ग्रा' वाचलं असेल तुम्ही, म्हणजे लठ्ठ यकृत. कुठे फिकातुम, कुठे फ्वा! म्हणून म्हणते, तोंड पाहू नका, चाल पाहा. 'यकृत' आणि 'येकुर' सारखे दिसतात आणि बहिणी निघतात; 'फिकातुम' आणि 'फ्वा' अजिबात सारखे दिसत नाहीत, तरी शब्द एकच आहे.

ग्रीकमध्येही हेच घडलं. आजच्या ग्रीसमध्ये घरात यकृताला 'सिकोती' म्हणतात, म्हणजे तेच अंजिराचं. जुना 'हेपार' उरला डॉक्टरांकडे. आपण 'हिपॅटायटिस' म्हणतो तो तिथूनच. आजच्या शरीरशास्त्राच्या अधिकृत लॅटिन परिभाषेतही हा ग्रीक 'हेपार'च आहे. बिचारं 'येकुर' वैद्यांनीही ठेवलं नाही.

या पोर्तुगीज 'फिगादु'शी आपल्या शेजारच्या गोव्याचा चारशे एक्कावन्न वर्षांचा संबंध, १५१० ते १९६१. ख्रिस्ती घरांत सणासमारंभाला सोरपोतेल शिजतं, त्यात डुकराचं काळीज बारीक चिरून पडतं. पोर्तुगीज पाककृतीत त्याच जागी 'फिगादु' लिहिलेलं असतं. त्या शब्दात अंजीर दडलेलं आहे, हे लिहिणाऱ्याच्याही ध्यानात नसतं.

'काळीज' म्हटलं, आणि आता मला माझ्या आवडीच्या गोष्टीवर थांबू द्या. आपल्याकडे काय झालं? 'यकृत' हा शब्द आपण पुस्तकात ठेवला. मटणाच्या दुकानात कुणी 'पाव किलो यकृत द्या' म्हणत नाही. तिथे 'कलेजी'. अमरकोशात यकृताला दुसरा शब्द दिला आहे 'कालखंड', काळा तुकडा. रंगावरून पडलेलं नाव. आपलं 'काळीज' त्याच 'काल'च्या घराण्यातलं. म्हणजे रोमने जे अंजिरावरून केलं, ते आपण रंगावरून केलं, आणि दोन्हीकडे जुना शब्द मागे पडला. पुढे मराठीत काळीज यकृतावरून सरकून हृदयापाशी येऊन बसलं. काळजाचा ठोका चुकतो म्हणताना आपल्या मनात यकृत नसतंच.

आणि 'जिगर'? 'जिगरी दोस्त' म्हणतो आपण. ते फारसी आहे, आणि फारसीत जिगर म्हणजे यकृतच. तेही त्याच जुन्या आईकडून आलेलं, 'यकृत'चं सख्खं भावंड. आपला य फारसीत ज होतो: 'युवन्' तिकडे 'जवान', 'यव' तिकडे 'जव'. तुर्कांनी हा फारसी शब्द उचलला, त्याचं 'जिगेर' केलं, आणि ते यकृताला म्हणतात 'काराजिगेर'. कारा म्हणजे काळं. फुप्फुस म्हणजे 'आकजिगेर', पांढरं जिगेर. पाहा, तुर्कस्तानातही यकृत काळंच!

इटलीत धाडसाचं काम असलं की म्हणतात, त्याला फेगातो लागतं. आपण म्हणतो, त्याला वाघाचं काळीज लागतं. हे कुणी कुणाकडून घेतलेलं नाही. हिंमत पोटात कुठेतरी राहते, असं दोन्हीकडच्या माणसांना वाटलं.

मूत्रपिंडाबद्दल, प्लीहेबद्दलही सांगायचं होतं, पण समोरून वेळ संपत आल्याची खूण झाली आहे. तेव्हा एकच विनंती करते. तुमच्या गावातले खाटीक, सुइणी, गुरांना औषध देणारे जाणते लोक यांच्याकडे अवयवांची जी नावं आहेत, ती सगळी कोशात आलेली नाहीत. कलेजी, वजडी, गुर्दा एवढ्यावर थांबू नका. त्यांना विचारा, ते म्हणतात तसंच्या तसं लिहून घ्या, कोणत्या जनावराच्या कोणत्या भागाला म्हणतात तेही टिपा. आणि शब्दासमोर गावाचं नाव लिहायला विसरू नका.