‘सप्लाय बंद आहे’ म्हणजे नक्की काय?

(अभ्यासवर्गात इलेक्ट्रिकल विभागातील एका निवृत्त कार्यकर्त्याने केलेले भाषण)



कालपासून या वर्गात वेतन, पेन्शन, कंत्राटीकरण यांवर चर्चा झाली. त्या विषयांवर बोलणारे माझ्याहून जाणकार लोक इथे आहेत. मी रेल्वेच्या कारखान्यात इलेक्ट्रिकल फिटर म्हणून हयात घालवली. तेव्हा मी फक्त एका वाक्याविषयी बोलणार आहे. ते वाक्य म्हणजे ‘सप्लाय बंद आहे’.

हे वाक्य मी एकदा उच्चारले आणि त्याची किंमत माझ्या जोडीदाराने मोजली. कॉम्प्रेसरच्या पॅनेलमधला कॉन्टॅक्टर बदलायचा होता. मी इनकमर ऑफ केला, फ्यूज काढून खिशात टाकले आणि त्याला म्हणालो, ‘घाल हात, सप्लाय बंद आहे.’ ४१५ व्होल्टचा सप्लाय खरोखरच बंद होता. पण इंटरलॉकची २३० व्होल्टची एक वायर शेजारच्या पॅनेलमधून येत होती. काही वर्षांपूर्वी कोणीतरी ती सोय म्हणून ओढली होती. दारावर चिकटवलेल्या ड्रॉइंगमध्ये तिची नोंदच नव्हती. शॉक बसून तो मागे फेकला गेला आणि डोके लोखंडी खांबावर आपटले. जीव वाचला, पण उजव्या कानाने त्याला पुढे कधी ऐकू आले नाही. चौकशीत ‘कामगाराचा निष्काळजीपणा’ असा शेरा पडला. त्या टर्मिनलला टेस्टर लावून मी पाहिले नव्हते, हे खरे आहे. तेवढा दोष माझा. पण ड्रॉइंग दुरुस्त न करणाऱ्याचा उल्लेख त्या कागदात कुठेही नव्हता.

सांगायचा मुद्दा असा की मोठ्या पॅनेलमध्ये वीज एकाच दाराने येत नाही. मेन बंद केला तरी कंट्रोल सप्लाय वेगळा असतो, ब्रेकरच्या ट्रिपिंगसाठी बॅटरीचा ११० व्होल्ट डीसी असतो, ओल धरू नये म्हणून बसवलेल्या हीटरची स्वतंत्र वायर असते. पॉवर फॅक्टरसाठी लावलेले कपॅसिटर मेन गेल्यावरही चार्ज धरून राहतात. त्यांचा डिस्चार्ज रेझिस्टर जळालेला असेल तर किती वेळ, हे कोणी सांगू शकत नाही. अलीकडे पंप, पंखे, क्रेन सगळीकडे व्हीएफडी ड्राइव्ह आले आहेत. ४१५ व्होल्टच्या ड्राइव्हच्या आतल्या डीसी बसवर साडेपाचशेच्या वर व्होल्ट असतात आणि मेन बंद केल्यावरही काही मिनिटे राहतात. किती मिनिटे थांबायचे ते त्याच्या कव्हरवर छापलेले असते. ती पाटी आपल्यापैकी किती जण वाचतात? आणि व्हॅक्यूम ब्रेकरची स्प्रिंग चार्ज असेल तर सप्लाय नसतानाही बोटे जातात, कारण तिथे धोका विजेचा नसून स्प्रिंगचा असतो.

मग करायचे काय? आधी लेखी परमिट. मग ब्रेकर नुसता ऑफ नव्हे, ओढून बाहेरच्या पोझिशनला आणायचा आणि त्याला कुलूप लावायचे. किल्ली काम करणाऱ्याच्या खिशात, सुपरवायझरच्या टेबलावर नव्हे. दोन टोळ्या असतील तर दोन कुलुपे. ‘माणसे काम करीत आहेत’ ही पाटी हवीच, पण नुसत्या पाटीवर विसंबू नये. शिफ्ट बदलली की ती कोणीतरी काढून ठेवतो. त्यानंतर टेस्टर घ्यायचा, तो आधी चालू सप्लायवर पाहायचा, मग आपल्या टर्मिनलवर, मग पुन्हा चालू सप्लायवर. मधल्या वेळात टेस्टरच बिघडला असेल तर तो ‘वीज नाही’ असेच सांगेल, म्हणून हा तिसरा वेळ. खिशातला निऑन स्क्रू ड्रायव्हर या कामाचा नाही. त्याने कोणाचा जीव राखला असेल तर ते नशीब. शेवटी अर्थिंग करून मगच हात घालायचा.

ओएचईवर काम करणाऱ्या साथींना हे नवीन नाही. २५ केव्हीच्या जिवंत तारेपासून दोन मीटरच्या आत काम असेल तर पॉवर ब्लॉक आणि परमिट लागते. बंद तारेतही शेजारच्या चालू लाइनमुळे व्होल्टेज चढते, म्हणून कामाच्या दोन्ही बाजूंना डिस्चार्ज रॉड लावतात. मुंबईच्या उपनगरी मार्गावर १५०० व्होल्ट डीसी २०१६ पर्यंत होते. ते गेले तेव्हा कित्येक जुन्या हातांना आपल्या सवयी मोडाव्या लागल्या. ओएचईवर ही शिस्त आहे, ती पॅनेल रूममध्ये शिरताना दारातच का राहते, हे मला कधी कळले नाही. ‘फक्त ४१५ तर आहे’ असे म्हणणारे भेटतात. ४१५ व्होल्टच्या बसबारवर पाना पडला तर जी ज्वाळा उठते ती पाहिलेला माणूस असे म्हणत नाही.

उभारणीबद्दल थोडे. पॅनेल उचलताना त्याच्या वरच्या हुकांनाच साखळी अडकवावी, दरवाजाच्या हँडलला दोर बांधू नये. बसबारचे बोल्ट टॉर्क रेंचने कसावेत. ढिला जोड तापतो आणि अति कसल्याने ॲल्युमिनियम दबते. केबल ओढून झाल्यावर ग्लँड प्लेटची भोके बुजवावीत. पाल आणि उंदीर यांनी केलेले शॉर्ट आपण सगळ्यांनी पाहिले आहेत. मेगर लावण्यापूर्वी ड्राइव्हचे आणि रिलेचे इलेक्ट्रॉनिक कार्ड सोडवावेत, आणि चालू लोडवर सीटीची सेकंडरी कधीही उघडू नये. मीटर काढायचा असेल तर आधी शॉर्टिंग लिंक टाकावी.

टपाल खात्यातील साथी म्हणतील, हे आमचे काम नव्हे. पण सॉर्टिंग ऑफिसात लिफ्टचे, पंपाचे, जनरेटरचे पॅनेल असते आणि मोसमात त्याच्यासमोर थैल्यांचा ढीग लागतो. १९५६ च्या भारतीय वीज नियमांत स्विचबोर्डासमोर किमान एक मीटर जागा मोकळी ठेवण्याची सक्ती होती. २०१० च्या नियमावलीत ती कायम राहिली. मागच्या बाजूला उघडी जोडणी असेल तर तिथली जागा वीस सेंटिमीटरपेक्षा कमी किंवा पंचाहत्तरपेक्षा जास्त हवी, असाही नियम आहे. म्हणजे माणूस एकतर शिरूच नये किंवा सुखरूप हलू शकेल, अधेमधे अडकू नये. आग लागली तर इनकमरपर्यंत पोचणारा माणूस थैल्या बाजूला करीत बसणार काय? शिवाय लाइन गेल्यावर जनरेटर चालू होतो. चेंजओव्हर नीट नसेल तर त्याची वीज उलटी मेनकडे जाते आणि बाहेर लाइनवर काम करणारा वायरमन मरतो. तो बहुधा कंत्राटी असतो.

समोरून एक चिठ्ठी आली आहे. ‘साहेब म्हणतात पाच मिनिटांचे काम आहे, परमिट कशाला?’ मी त्यांना लॉग बुकात तेवढेच लिहायला सांगत असे: वेळ, पॅनेलचा नंबर आणि ‘परमिटशिवाय काम करण्याचा तोंडी आदेश’, खाली सही. बहुतेक वेळा परमिट दहा मिनिटांत येई. ज्या दिवशी आले नाही त्या दिवशी आम्ही हत्यारे खाली ठेवली आणि शाखेच्या सेक्रेटरीला बोलावले. शाखांना माझी विनंती आहे की पुढच्या बैठकीला येताना आपापल्या पॅनेल रूमच्या ड्रॉइंगची प्रत मागून आणा, आणि शेवटची दुरुस्ती कोणत्या तारखेची आहे ते पाहून या. ज्यांना प्रत मिळणार नाही त्यांनी मागणीच्या अर्जाची पोच आणावी.